मोजणीवर कोयता निघाला तेव्हा

नेहमीच्या वाचकांनो, नमस्कार! नाना, खोकला थांबला का? सुलभावहिनी, गुडघा कसा आहे?

आज म्हसळ्याजवळ जमिनीच्या मोजणीला माझी ज्युनियर वकील सायली सोबत होती. हद्दीचा दगड रोवताच आमच्याच पक्षकाराने सख्ख्या भावाच्या खांद्यात कोयता घातला. रक्त सायलीच्या पांढऱ्या कपड्यांवर उडालं.

पोलिसांनी विचारलं, "कुणी पाहिलं?"

पक्षकार गुरगुरला, "मॅडम, तुमी आमच्या वकील हाय, इसरू नका!"

सायली माझ्याकडे वळली. "सर, काय सांगू?"

"पाहिलंस ते सांग, पोरी. याचं वकीलपत्र मी सोडलं."

तिने न अडखळता सांगितलं. पोलीस घेऊन जाताना पक्षकाराने तिलाही कापायची धमकी दिली.

आता तिचे बाबा म्हणतात, "वकिली बंद!" मी त्यांच्याच ओट्यावर बसलोय. त्यांना काय सांगू? लवकर लिहा, तुमची उत्तरं त्यांना वाचून दाखवतो.