लव्हाळ्याची माळ

चपला घालायच्या आधी मावशी रोज सकाळी आपल्या रोपवाटिकेच्या वाफ्यांतून अनवाणी एक फेरी मारायची. लव्हाळ्याच्या तणाचा कोंब सुईसारखा वर येतो, तो डोळ्यांआधी तळव्याला कळतो, असं तिचं म्हणणं. कोंब टोचला की तिथेच बसकण मारून खुरप्याने हलके माती सारून तो मुळावरच्या गाठीसकट काढायची. उपटायची मात्र नाही. उपटलं तर पात हातात येते आणि गाठ खाली खुशाल राहते.

एकदा ती आमच्याकडे राहायला आली आणि मागे घरी काकांना, तिच्या नवऱ्याला, हुरूप आला. आयुष्यभर बस चालवलेला माणूस! शेजाऱ्याचं नांगरणीचं यंत्र आणून त्यांनी रिकामा वाफा लोण्यासारखा करून ठेवला. पंधरवड्यात तिथे पाऊल ठेवायला जागा उरली नाही, इतका लव्हाळा.

"अगं, मी तर मुळासकट काढला होता!"

"काढला नाहीत, पेरलात. बस आहे का ती, या टोकाहून त्या टोकाला नेली की झालं?" मग तिने त्यांना खाली बसवून दाखवलं. तारेसारख्या मुळीत गाठीमागून गाठ ओवलेली. "टोकाची जागी असते तोवर बाकीच्या झोपून राहतात. तुम्ही माळ तोडलीत. आता प्रत्येक गाठ घरची थोरली झाली."

शेजारच्याच वाफ्यात गुलाबाची विक्रीची रोपं होती. मातीबरोबर एखादी गाठ गेली, की ही पीडा गिऱ्हाइकाच्या अंगणात. मावशीने विक्री थांबवली. प्रत्येक रोपाचं मूळ बादलीत धुऊन नव्या मातीत लावायचं ठरलं. धुवायला अर्थातच काका.

"शिक्षा आहे का ही?"

"छे हो, बढती आहे."

बिघडलेल्या वाफ्यावर तिने भोपळ्याचे वेल दाट सोडले. सावलीत लव्हाळा फिकटतो, खालच्या गाठी खंगत जातात. तरी चिवट तो चिवटच. वर्षं गेली, कोंब विरळ झाले, आणि काकांना ते शोधून काढण्याचा असा नाद लागला की जेवायला हाका माराव्या लागत.

मावशी अचानक गेली. त्याच्या आदल्या दिवशी काकांनी एक अख्खी माळ न तोडता बाहेर काढली होती आणि मासा धरल्यासारखी तिच्यापुढे नाचवली.

तिने ती नीट न्याहाळली. "जमलं की! तिकडे फरशीवर उन्हात टाका, रोपांपासून लांब. आणि हात धुऊन या, चहा निवतोय."