परीक्षेचा पेशंट

संजीवनीबाई बारामतीच्या एका कॉलेजात एक्स-रे काढायला शिकवतात. आपल्या हाताखालचं पोरगं कधी नापास होत नाही, याचा त्यांना भारी तोरा. यंदा तो उतरला. निकालाचा खरा कस नोकरीत लागतो म्हणून कॉलेजनं दवाखान्यांना विचारणा केली, तर इंदापूरच्या एका डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, "तुमच्या पोरांना पेशंट नीट उभा करता येत नाही. फोटो परत काढावे लागतात."

"मार्क बघा की त्यांचे!" बाई घरी येऊन नवऱ्यावर डाफरल्या. त्या बिचाऱ्याचा यात काडीचा संबंध नव्हता.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मात्र त्या डोळ्यांत तेल घालून बसल्या. पहिलाच विशाल, निमगाव केतकीचा. इंदापूरच्या त्याच दवाखान्यात त्याची नोकरी ठरलेली, फक्त पास व्हायचं बाकी. पेशंट म्हणून दरवर्षीप्रमाणे गेणबातात्या, कॉलेजचे निवृत्त शिपाई. मशीन बंद ठेवून छातीच्या फोटोसाठी उभं करून दाखवायचं, एवढीच परीक्षा.

विशाल म्हणाला, "तात्या, जरा..." तोवर तात्यांनी छाती मशीनच्या उभ्या पाटीला टेकवली, हात कमरेवर ठेवले, खांदे पुढं घेतले आणि श्वाससुद्धा रोखून धरला!

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं आपण मार्क दिले कुणाला? पोरांना की तात्यांना?

"तात्या, त्यानं सांगायच्या आधीच कशाला उभे राहता?"

"पोरं घाबरत्यात वं बाई. परक्याचं लेकरू माझ्या पायी नापास व्हाया नको."

आता या माणसावर रागवायचं तरी कसं? बाईंनी त्यांना बसवलं आणि बाहेरच्या बाकावर फोटोसाठी थांबलेल्या लासुर्ण्याच्या कुशाबाईंना विचारून आत आणलं. कुशाबाईंना खोकला होता, शिवाय उजवा खांदा आखडलेला. विशालनं पाठ केलेलं सगळं घडाघडा सांगितलं. पण त्यांचा उजवा हात कमरेपर्यंत जाईना. विशालला घाम फुटला. खांद्याला काय झालंय, हे त्यानं विचारलंच नाही. मनगट धरून हात मागं ओढला. म्हातारी कळवळली.

"थांब!" बाई ओरडल्या. "जमेल तेवढाच हात ठेवायचा असतो रे!"

विशालचा चेहरा पडला. "मॅडम, मागच्या सगळ्यांना तात्याच होते ना?"

"होते."

"मग ते पास, अन् मी एकटाच नापास?"

पोरगं खरं तेच बोलत होतं. मागच्यांवर अन्याय झाला नव्हता. तो झाला होता त्यांच्या पेशंटांवर, आणि आता याच्यावर. एक सही केली की याची नोकरी वाचणार होती. त्यांनी मार्कांचा कागद पुढं ओढला.

तेवढ्यात कुशाबाई पुढं आल्या. डोळ्यांत पाणी, डावा हात उजव्या खांद्यावर घट्ट दाबलेला.

"न्हाय दुखलं वं बाई, खरंच न्हाय. पोरगं गुणाचं हाय. करा पास त्याला."

संजीवनीबाईंनी त्या दाबलेल्या खांद्याकडं पाहिलं. विशालच्या नावापुढं 'नापास' लिहिलं, आणि त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "आधी आजींची माफी माग."