बिबट्याच्या नावावर

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळून जातात. ही मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. नव्वदचे दशक संपत आले होते. मी मुरबाड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. उन्हाळ्यातल्या एका सोमवारी म्हसा गावाच्या पुढच्या एका ठाकूरवाडीचा पोलीस पाटील आला. वाडीतल्या म्हातारीला आदल्या दिवशी बिबट्याने मारले, प्रेत ओढ्याकाठी आहे, अशी खबर त्याने दिली. ठाणे अंमलदाराने अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि मी निघालो.

पंचनामा करतानाच खटकले. जखमा दंडावर आणि खांद्यावर होत्या, बिबट्या धरतो त्या गळ्याला दात लागलेला नव्हता. प्रेताखालच्या मातीत रक्त फारसे नव्हते. वनरक्षकाने ओढ्याच्या ओल्या वाळूत माग शोधला, त्याला बिबट्याचे एकही पाऊल मिळाले नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नखांचे ओरखडे नसल्याचे सांगितले. तरीही वाडीने पिंजऱ्याची मागणी लावून धरली होती, कारण म्हातारीचा एकुलता एक मुलगा सांगत होता की बिबट्या त्याने स्वतः पाहिला. हा मुलगा चाळिशीचा, बिनलग्नाचा, जवळच्या फार्महाऊसवर राखणदार होता.

मंगळवारी सकाळी ठाण्यात फोन आला. शहरी वळणाचा बाईचा आवाज. त्या म्हणाल्या, "बिबट्या शोधू नका. त्या फार्महाऊसवरचा मोठा कुत्रा कुठे आहे, तेवढं विचारा." नाव विचारले तेव्हा फोन ठेवून दिला.

फार्महाऊसचा मालक मुंबईचा व्यापारी. त्याला तिबेटी कुत्र्यांचा नाद होता. पडवीत ल्हासा अप्सो जातीची छोटी, डोळ्यांवर केस आलेली कुत्री फिरत होती. भिंतीवर कुत्र्यांच्या प्रदर्शनांतली पदके टांगली होती. दर रविवारी कल्याण, ठाणे, पुण्याकडून असेच हौशी लोक गाड्या घेऊन येत. कोणाच्या पिल्लाचे केस दाट, कोणाच्या कुत्र्याचे आजोबा कुठून आणलेले, यावर त्यांच्या गप्पा रंगत. मागच्या अंगणात एक मोठी खोली होती, तिला ओल्या गोणपाटाचे पडदे, आत पंखा, जाड साखळी. ती रिकामी होती. इथे तिबेटन मॅस्टिफ होता, वासराएवढा काळा कुत्रा. मालक म्हणाला की तो महिन्यापूर्वीच पुण्याच्या मित्राला दिला. मात्र गोणपाट अजून दमट होते.

राखणदाराला चौकशीला बोलावले. दिवसभर प्रश्न विचारले, उत्तर एकच, बिबट्या. संध्याकाळी त्याला घरी सोडले आणि साध्या वेशातला एक शिपाई मागावर ठेवला. राखणदाराने त्या शिपायाला ओळखले असावे. रात्रभर तो घरातून हलला नाही. बुधवारी पुन्हा बोलावले. गुन्हेगार माणूस ठाण्यात बसला की दाराकडे बघतो, हा माझा अनुभव. हा दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत होता. चहा त्याने घेतला नाही. दुपार कडक झाली तसा तो सारखा उठून दारापाशी जायला लागला. मी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. तो ग्लासाकडे बघत राहिला आणि एकदम माझे पाय धरायला वाकला.

"साहेब, त्याला पानी द्यायला कोनी नाय. मला फाशी द्या, पन त्याला पानी द्या."

जीपमध्ये त्याने वाट दाखवली. ओढ्यापलीकडे शहापूर तालुका लागतो. तिथे मालकाच्या ओळखीच्या माणसाची बंद पडलेली पोल्ट्री होती. आमची हद्द टाळायला कुत्रा तिथे कोंडला होता. पत्र्याची शेड, वरून ऊन, किल्ली राखणदाराच्या कमरेला. रोज दोनदा पाणी घालायचे त्याने ठरवले होते, पण मंगळवारपासून कोणी फिरकले नव्हते. मालकाकडे गाडी होती आणि दुसरी किल्लीही. पोलीस मागे येतील या भीतीने तो गेला नाही.

दार उघडले तेव्हा आतली वाफ तोंडावर आली. हिमालयातल्या थंडीसाठी केस घेऊन जन्मलेले ते जनावर भिंतीलगत पडले होते. जीव होता. राखणदाराने त्याचे डोके मांडीवर घेतले, ओंजळीने पाणी तोंडात सोडले. पाणी एका बाजूने वाहून गेले. शेपटी एकदा जमिनीवर आपटली. थोड्या वेळाने राखणदार म्हणाला, "गेला."

आईच्या प्रेताजवळ हा माणूस रडला नव्हता. आता तो असा रडला की माझे शिपाई बाहेर जाऊन उभे राहिले.

तिथेच बसून त्याने सगळे सांगितले. कागदावर कुत्र्याचे नाव भलेमोठे होते. हा त्याला काळू म्हणे. दोन महिन्यांचे पिल्लू असल्यापासून त्यानेच वाढवले, उन्हाळ्यात त्याच्यापाशीच झोपला. त्या रविवारी जोड लावायला मादी आणली होती. पाहायला मंडळी जमली होती आणि मालकाने काळूला मोकळा सोडायला लावले. राखणदार विहिरीवर गेला. आई रोजच्यासारखी भाकरी घेऊन मागच्या फाटकातून आत आली. काळू तिला ओळखत होता, पण मादी जवळ असताना त्याला कोणीच चालत नव्हते. ओरडा ऐकून हा धावला. त्याच्या एका हाकेसरशी कुत्र्याने पकड सोडली, पण तोवर उशीर झाला होता. पडवीतून कोणी खाली उतरले नव्हते. मंडळी गाड्यांत बसून निघून गेली. मालक म्हणाला, खरे सांगितलेस तर पोलीस काळूला गोळी घालतील. म्हणून मुलाने आईला खांद्यावर घेतले आणि ओढ्याकाठी नेऊन ठेवले.

मालकावर गुन्हा दाखल केला, अटक केली. राखणदाराला साक्षीदार केले. त्या रविवारच्या पाहुण्यांना शोधून काढले, तर प्रत्येकाने आपण आधीच निघालो होतो असे सांगितले. फोन करणाऱ्या बाईही सापडल्या, कल्याणच्या, ल्हासा अप्सो पाळणाऱ्या. त्यांनी दार अर्धेच उघडले. "मी बोलले तर आमच्या लोकांत मला कोणी उभं करणार नाही. माझ्या कुत्र्यांना जोड मिळणार नाही," असे म्हणाल्या. त्यांच्या पायाशी दोन पिल्ले खेळत होती.

सगळी भिस्त राखणदारावर राहिली. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षे गेली. मुरबाडच्या कोर्टात तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला की त्याच्या आईला बिबट्याने मारले. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केले. मालक सुटला.

मालकाने त्याला विकत घेतले, असे मला वाटले. निकालाच्या दिवशी तो कोर्टात आला होता, बाहेर आवारात मी त्याला गाठले आणि तसे विचारलेही. त्याने नकारार्थी मान हलवली. फार्महाऊसची नोकरी त्याने केव्हाच सोडली होती. तो वीटभट्टीवर जात होता.

"मालकाला शिक्षा झाली असती तर माझी आय थोडीच येनार होती?" तो म्हणाला. "बिबट्यानं नेली म्हनलं तर रानानं नेली, रानाचा काय राग धरायचा? कालूनं मारली म्हनलं तर मीच मारली ना, साहेब? त्याला भाकरी मीच घातली, मोठा मीच केला. रोज रातीला मी निजू कसा?"

खरे बाहेर काढले की माणसाच्या मनावरचे ओझे उतरते, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते आणि मी ते अनेक संशयितांना ऐकवले होते. त्या दिवसानंतर ते वाक्य मी पुन्हा कोणाला ऐकवू शकलो नाही. कोर्टाच्या आवारातून तो मुरबाडच्या एसटी स्टँडकडे चालत गेला. मी ठाण्यात परतून स्टेशन डायरीत निकालाची नोंद केली आणि पुढच्या केसचे कागद उघडले.