इसाकनं रंगवलेला ट्रक

इसाक गेल्याचं त्याच्या थोरल्या लेकानं, युसूफनं, घरी येऊन सांगितलं. "चाचा, अब्बा गेले," एवढंच बोलला आणि माझ्याशेजारी ओट्यावर बसून राहिला. मला रडू आलं नाही. लांबची खेप संपवून इंजिन बंद केल्यावर अंगात काही राहत नाही, तसं झालं. महिना होत आला तरी तो शीण उतरत नाही... माझी शाळा दुसरीतच सुटली, लिहिण्याची सवय नाही. पण त्याच्याबद्दल कुणी उगाच काहीबाही लिहिण्यापेक्षा मी लिहिलेलं बरं.

पंचावन्न सालानंतरची गोष्ट. देहूरोडला लष्करानं काढून टाकलेला एक ट्रक आम्ही दोघांनी भागीत घेतला आणि त्यात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. मी चाकणचा, शेतकऱ्याचा, गाडी चालवणारा. इसाक भोसरीचा, गाडी दुरुस्त करणारा. चाकणच्या बाजारातला कांदा पुण्याला पोचवायचा, हे काम. भोसरीत तेव्हा कारखाने नव्हते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी. आमचे हात पेट्रोलच्या गाड्यांवर बसलेले, डिझेलचे नखरे अजून कळत नव्हते. इसाकला रंगाचा भारी नाद. त्या साली खंडेनवमीच्या पूजेसाठी त्यानं अख्खा ट्रक लाल रंगवला. डिझेलच्या टाकीचं झाकणसुद्धा सोडलं नाही, त्यावर पिवळंधमक कमळ काढलं. माझ्या आईनं त्या कमळावरच हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, माझ्या लेकाला जन्मात असं जमायचं नाही.

दसरा झाला आणि गाडी रुसली. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, इंजिन काही धरायचं नाही. धरलंच तर मोशीच्या आसपास खोकत खोकत बंद. इंजिनाला डिझेलच पोचत नव्हतं. इसाक फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत नळीतली हवा काढायचा. त्यानं नळ्या फुंकल्या, फिल्टर बदलला, पंप उघडून धुतला. दर वेळी टाकीत काठी घालून डिझेल किती आहे ते बघायचा, गाडी चालू व्हायची आणि काही मैलांवर परत तेच. कांदा उशिरा पोचायला लागला. आडतदार हसून म्हणायचा, एवढी नटवलीय तर पुढं बैल जुंपा आता. मला राग यायचा, इसाकला लाज वाटायची. एके दिवशी रस्त्याच्या कडेला हात पुसता पुसता तो म्हणाला, "दगडूभाऊ, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. माझा भाग तू घे. सोमवारपासून मी खडकीला कामाला जातो."

"मी एकटा काय करू रं हिचं?" मी म्हणालो.

सोमवार यायच्या आत भोसरीच्या अलीकडे गाडी परत बंद पडली. इसाक डबा घेऊन विहिरीवर पाण्याला गेला. मी चिडून टाकीचं झाकण फिरवलं आणि हवा आत शिरल्याचा आवाज आला... सूऽऽ असा, लांबलचक. झाकण उलटं करून पाहिलं. आतून तिळाएवढं भोक, आणि बाहेरून त्यावर कमळाची जाड पाकळी. डिझेल खाली जाईल तशी वरून टाकीत हवा यायला पाहिजे. ती वाटच बुजलेली, मग पंप ओढणार कुठून? काठी घालायला झाकण उघडलं की हवा आत जायची, गाडी थोडी चालायची, आणि इसाकला वाटायचं आपण पंपाला हात लावला म्हणून चालली.

मी मोठेपणा सोडणारा माणूस नव्हे. इसाकच्या जागी दुसरा कुणी असता तर मी चाकणच्या बाजारात ओरडून सांगितलं असतं. पण समोरून इसाक मान खाली घालून डबा घेऊन येत होता. त्यानं काढलेल्या फुलानंच गाडी गुदमरली, हे ऐकलं असतं तर तो तिथूनच पायी गेला असता. कांद्याची पोती शिवायचा दाभण घेतला, भोक मोकळं केलं, झाकण लावलं. म्हणालो, एकदा शेवटची हवा काढून बघ. त्यानं काढली. गाडी पुण्याला जाऊन चाकणला परत आली, कुठं थांबली नाही.

"बघ, पंपच होता," इसाक म्हणाला.

"व्हय, पंपच."

सोमवारी तो खडकीला गेला नाही. पुढं चहाच्या प्रत्येक टपरीवर त्यानं पंपाची गोष्ट सांगितली, वर म्हणायचा, आमचे दगडूभाऊ नुसते बिडी ओढत बसले होते. ते गिळायला जड गेलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो परत रंगाचे डबे घेऊन बसला. आता सांगावंच लागणार म्हणून मी जवळ गेलो. तर झाकणाच्या भोकात त्यानं आधीच काडेपेटीतली काडी खोवली होती आणि तिला सांभाळून पाकळ्या काढत होता. मी बघितलं. मी बघितलेलं त्यानं बघितलं.

"चहा सांग की, राव," म्हणाला. मी सांगितला. त्यानंतरही पंपाची गोष्ट सांगायची त्यानं सोडली नाही, फक्त सांगताना माझ्याकडे बघायचा नाही.

ट्रक कधीच भंगारात गेला. परवा भोसरीला त्याच्या घरी गेलो होतो. युसूफनं आतून ते झाकण आणून माझ्या हातात दिलं, अब्बांनी जपून ठेवलं होतं म्हणाला. दर साली रंगावर रंग चढून कमळ पार जाड झालंय. मी ते खिडकीच्या उजेडाकडे धरलं... भोक मोकळं आहे.