रेवसहून आबांबरोबर

लग्नानंतर माझा पहिला संसार रेवसजवळच्या एका खेड्यात मांडला गेला. नवऱ्याची सरकारी नोकरी तिथं होती. सातवा महिना लागला तेव्हा मला बाळंतपणाला माहेरी न्यायला आबा, माझे वडील, अमळनेरकडून आले. दिवाळी नुकतीच झाली होती. खड्ड्यांच्या रस्त्यानं एसटीत हाल होतील, म्हणून लाँचनं मुंबईला जायचं आणि दादरहून रेल्वे धरायची असं ठरलं.

आबांनी त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. येतानाही ते पनवेलवरून एसटीनंच आले होते. धक्क्यावर उभं राहून ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "याना दुसरा काठ कोठे शे वं?"

आमच्याकडे पाणी म्हणजे तापी. पुरातसुद्धा तिचा पलीकडचा काठ दिसतो.

निघताना मी सांगितलं होतं, "आबा, थोडंच खा." पण रिकाम्या पोटी घराबाहेर पडायचं नाही, हा त्यांचा नेम. ते भरपेट जेवूनच निघाले. लाँच खाडीतून बाहेर पडली आणि डोलायला लागली. डिझेलचा वास, त्यात मासळीच्या टोपल्या. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पाहता पाहता चेहरा पांढरा पडला आणि ते कठड्याकडे धावले.

मी पोट सावरत मागोमाग गेले, त्यांचं कपाळ धरलं. लहानपणी तापात ते माझं धरायचे, तसंच. शेजारच्या कोळणीनं आपल्या पाण्याची बाटली पुढं केली. "बाबा, खाली पान्याकरं नको बगू. लांब डोंगराकरं बग."

आबा आज्ञाधारकपणे डोंगराकडे बघत बसले. थोड्या वेळानं ओशाळून म्हणाले, "तुले सांभायाले उनू, नी तूच मले सांभायी ऱ्हायनी."

मला हसू आलं, रडूही आलं. इतके महिने दाबून ठेवलेली माहेरची ओढ त्या शब्दांनी एकदम वर आली. भाऊच्या धक्क्यावर उतरताना पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. आबांनी माझा हात घट्ट धरला. कोण कुणाला उतरवत होतं, सांगता येणार नाही.

जानेवारीत मुलगी झाली. एप्रिलमध्ये मला पोचवायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "यांना लाँच सोसत नाही, एसटीनंच जा." आबा ऐकेनात. "मले समिंदर दखाडना शे इले," बाळाकडे बोट दाखवत म्हणाले. लाँचच्या दिवशी ते सकाळपासून नुसत्या चहावर होते. नातीला छातीशी धरून अख्खी वाट ते तिच्याशी आमच्या बोलीत बोलत होते. ती झोपलेली होती, याचं त्यांना काहीच नव्हतं.

पुढच्या वर्षी आमची बदली धुळ्याला झाली. माहेरी सगळ्यांना आनंद झाला, मुलगी जवळ आली म्हणून. आबा तेवढे जरा हिरमुसले.