मोरीतलं वेगळं ताट

रिपोर्टवर ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असं छापलेलं होतं आणि तो मी दादरच्या लॅबबाहेर फुटपाथवर उभी राहूनच वाचला. ऑफिसने सगळ्या बायकांची तपासणी करून घेतली, त्यात मीही गेले होते. मला ना दुखत होतं, ना खुपत होतं. रिपोर्ट दाखवल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, “हा कॅन्सर नाही. विषाणू आहे, बहुतेकींच्या शरीरातून आपोआप निघून जातो. तुमच्यात जरा हट्टी जातीचा सापडलाय, म्हणून गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतून बघून घेऊ.” त्यांनी परळच्या हॉस्पिटलातली मंगळवारची वेळ दिली.

घोडपदेवच्या आमच्या दीड खोलीत गुपित ठेवायला जागा नाही. नवऱ्याला मी गॅलरीत नेऊन हळू आवाजात सांगितलं. हे शरीरसंबंधातून येतं म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न, “मग तुला कुठून आलं?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “हाच प्रश्न मी तुला विचारू शकते,” मी म्हटलं. “चल डॉक्टरकडे, तिथे विचार.” तो आला. बाईंनी त्याला सरळ सांगितलं, की हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, कधी आला नि कोणाकडून हे कोणीच सांगू शकत नाही, तुमच्याकडूनही आला असेल. मग साहेब खाली मान घालून बसले. घरी येताना सॉरी म्हणाला. पण तो प्रश्न मला लागला होता आणि आजही आठवला की लागतो.

खरी गंमत पुढेच होती. दुसऱ्या दिवशी कामावरून आले, तर मोरीच्या कट्ट्यावर एक ताट, एक पेला, एक मग आणि बालदी वेगळी काढलेली. कोरोनात नवरा पॉझिटिव्ह आला तेव्हा सासूबाईंनी त्याचं ताट असंच कोपऱ्यात ठेवलं होतं. माझं ‘पॉझिटिव्ह’ त्यांच्या कानावर पडलेलं दिसत होतं. हे ताटातून, बालदीतून पसरत नाही, हे मी डॉक्टरबाईंना विचारून घेतलं होतं. सांगितलं असतं तर दोन मिनिटांत मिटलं असतं, पण राग आला की माझं तोंड बंद होतं. मी त्या ताटाला हातही लावला नाही. सासूबाई पित्ताचं निमित्त करून आमच्या आधी जेवायच्या, आपले कपडे आपण धुवायच्या. म्हणजे आता माझ्या हातचं धुणंही नको, असं मी धरून चालले आणि आतल्या आत जळत राहिले.

रविवारी बांगड्याचं तिखलं होतं. सगळे एकत्र बसणार होतो. म्हटलं, आज होऊनच जाऊ दे. मोरीतलं ते ताट मुद्दाम उचललं आणि त्यात भात वाढून घेतला. सासूबाईंनी ते माझ्या हातातून ओढलं.

“ह्यात जेवू नको!”

“का? माझंच आहे ना?”

“तुझा न्हय. माझा आसा ता.”

 त्या खाली बसल्या आणि स्वतःच्या मुलासमोरच बोलल्या. “पाळी बंद होऊन वर्सां झाली, तरी माझ्या अंगावरून लाल जाता. कोणाक सांगूक नाय. एकच बालदी, एकच मग. माझ्यामुळेच तुका लागला, बाये.”

इतके दिवस त्या मला वाळीत टाकत नव्हत्या, माझ्यापासून स्वतःला लांब ठेवत होत्या. मला रडू आलं. त्यांचा राग आला, माझाही आला. मी त्यांचा हात धरला. “आई, माझं तुमच्यामुळे नाही. पण तुमचं हे एक दिवससुद्धा अंगावर काढायचं नाही. कधीपासून आहे?”

“थोडेच दिवस झाले.”

“मंगळवारी माझ्याबरोबर यायचं.”

“ह्या वयात कोणासमोर झोपू मी? माका नको.”

“ठीक आहे. मग मीही जात नाही. ती हट्टी जात माझ्यात वाढते की जाते, बघत बसू दोघी.”

हे बरोबर नव्हतं, मला ठाऊक होतं. नवराही दचकला. पण मी बोलून गेले आणि मागे हटले नाही. त्या दिवशी त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. सोमवारीही नाही. मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून आले, तर त्या इस्त्रीचं लुगडं नेसून चपला घालत होत्या.

हॉस्पिटलात माझा नंबर लागला, तेव्हा मी त्यांनाच पुढे केलं. डॉक्टरबाईंनी हरकत घेतली नाही. “कधीपासून जातंय?” त्यांनी विचारलं. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“गेल्या गणपतीच्या आधीपासून.”

डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या.  एवढे महिने ही बाई आमच्यासाठी भाकऱ्या भाजत होती. मी खुर्ची ओढून त्यांना चिकटून बसले.

“सगळं सांगा, आई,” मी म्हटलं. “लाज वाटली तरी सांगा. मी उठून जाणार नाही.”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.