गारठलेलं वटवाघूळ

दुपारच्या डुलकीला मी झोप मानत नाही. संध्याकाळी मंडळी वटवाघळांच्या पाहणीला गुहेकडे निघतील, तोवर शाळेच्या या कौलारू खोलीत सतरंजीवर नुसता आडवा पडलोय. बाहेर वटवाघळं धरायची जाळी उलगडण्याचं काम चाललंय. ‘काका, तुम्हीही या’ म्हणाले ते, पण ते माझ्या बायकोच्या, अलकाच्या आठवणीखातर. वटवाघळं ओळखायची ती. मी आपला बॅटरी धरणारा. ती गेल्यावर माझं इथे काय काम? सकाळच्या एसटीनं परत जावं असं मनात येतंय आणि पापण्या जड होतायत.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारात जाळी ताणलेली आहे. पलीकडे ओट्याशी अलका उभी आहे, कपाळाला दिवा बांधून, हातांत चामडी मोजे घालून. मला आश्चर्य वाटत नाही.

“उशीर केलात,” ती म्हणते. “बॅटरी खाली धरा. त्याच्या डोळ्यांवर नको.”

मी धरतो. कापडी पिशवीतून ती इवलंसं वटवाघूळ काढते, पंख अलगद उलगडून दाखवते.

“ओळखा.”

“मला कधी आलंय का?”

“मग इतकी वर्षं काय माझ्या तोंडाकडे बघत होतात?”

“हो.” खरंच तेच करत होतो.

ती हसते. ओट्याचा आता गुहेतला कातळ झालाय, वरून पाणी ठिबकतंय. वटवाघूळ हलत नाही.

“गारठलंय. असंच सोडलं तर खाली पडेल. घ्या, ऊब द्या त्याला.”

“मला मोजे?”

“राहू दे आता.”

मी ते मुठीत घेतो. अगदी हलकं आहे.

“हे उडालं की तू जाशील?”

ती हातांतले मोजे काढून कातळावर ठेवते.

“मग मी मूठ उघडणार नाही.”

“अहो, हट्ट काय करता? गुदमरेल ते.”

मुठीत थरथर सुरू होते. उडण्याआधी ते असंच थरथरून अंग तापवतं, हे तिनंच सांगितलेलं. मला ते नको आहे. गारच राहू दे.

“अलका, घरात फार एकटं वाटतं गं. अजून दोघांचा चहा टाकतो मी.”

“माहितेय मला,” ती हळूच म्हणते. “उघडा.”

मी उघडतो. गालाला वारा लागतो. कातळापाशी कोणी नाही.

कौलांतून तिरपं ऊन आलंय. माझी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडतो तर तळहातावर तांदळाएवढी काळी लेंडी. उंदराची असेल म्हणून चिमटीत दाबतो, तर तिचा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे कण चमकतात. उंदराची कडक असते, अशी चुरत नाही.

“अगं, वटवाघळाची आहे!” मी कुशीवर वळून सांगतो. सतरंजीची ती बाजू रिकामी आहे.

“काका, येताय ना?” बाहेरून हाक येते.

“आलो,” मी म्हणतो, पण हात धुववत नाहीत.